दिवसाचा एक तांब्या

ज्यांच्या घरात आज पहिल्यांदाच कुणाचं तरी पाणी मोजायची वेळ आली असेल, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. औषधांची नावं यात नाहीत, ती डॉक्टरांना विचारा. धीर देणारं काही हवं असेल तर तेही दुसरीकडे शोधा, माझ्याकडे तेवढा साठा नाही. मी नाशिकच्या एका सरकारी कचेरीतला कारकून, स्वभावाने चिडका, आणि गेली चार वर्षं माझी दोन्ही मूत्रपिंडं हळूहळू कामातून चालली आहेत. या चार वर्षांत मी एक गोष्ट अशी केली की तिची लाज मरेपर्यंत जाणार नाही. ती सांगितल्याशिवाय पथ्याचं सांगणं म्हणजे अर्धवट सांगणं, म्हणून दोन्ही सांगतो.

चप्पल

ब्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर माझी चप्पल मला होईनाशी झाली. सकाळी उठलो की डोळ्यांखाली फुगे आलेले असायचे. कचेरीतले म्हणायचे, काल जरा जास्त झाली वाटतं. मी थेंबालाही शिवत नाही हे माहीत असून म्हणायचे, आणि मीही असा की त्यावरून दोघांशी बोलणं टाकलं. शेवटी विमलने, म्हणजे माझ्या बायकोने, एका संध्याकाळी माझ्या पायावर अंगठा दाबून पाहिला. खड्डा पडला तो भरून येईना. ती शाळेत शिक्षिका आहे, हेका धरला की सोडत नाही. दुसऱ्या दिवशी तिने मला दवाखान्यात नेलं.

रक्त झालं, लघवी झाली, फोटो झाला. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी कागद पाहिले आणि विचारलं, "घरचं कोण आलंय बरोबर?" मी समोर खुर्चीत बसलेलो असताना हा प्रश्न आला, तेव्हाच माझं मला कळलं. मूत्रपिंडं आकसली आहेत, पुन्हा पहिल्यासारखी होणार नाहीत, असं त्यांनी विमलकडे बघून सांगितलं. रक्त धुण्याचं मशीन मुंबईला आहे, एक दिवस तिथे जावं लागेल, पण पथ्य सांभाळलं तर तो दिवस पुढे ढकलता येईल. किती पुढे, असं मी विचारलं. ते म्हणाले, "ते तुमच्या तोंडावर अवलंबून आहे." मला हसू आलं. विमलला आलं नाही.

बाहेर पडल्यावर सवयीने ती म्हणाली, चहा घेऊ या, आणि लगेच जीभ चावली. मी म्हटलं, पथ्य उद्यापासून. हॉटेलात बसून मी भरलेला कप सावकाश प्यायलो. तिने तिच्या कपाला हात लावला नाही. तेव्हापासून आजपर्यंत मी पूर्ण कप चहा घेतलेला नाही.

काय नाही

मीठ नाही. कमी नाही, नाहीच. लोणचं, पापड, सुकट, खारे दाणे, बेकरीची बिस्किटं, सगळं गेलं. केळं नाही, टोमॅटो नाही, संत्रं-मोसंबं नाही. डाळ एक पळी, मटण सणासुदीला दोन फोडी. भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायची, ते पाणी फेकायचं आणि उरलेल्या चोथ्याला फोडणी द्यायची. पहिल्या दिवशी दुधी होता. दुधी मुळातच काय दिवे लावतो, तो उकळून, पिळून, बिनमिठाचा पुढे आला. मी ताट सरकवलं. विमलने ते परत माझ्यापुढे ओढलं. तेव्हा पाहिलं, तिने स्वतःच्या ताटातही तोच वाढून घेतला होता. मी गुपचूप खाल्लं.

पण चवीचं काय, महिन्याभरात जीभ मुकाट होते. खरी मारामारी पाण्याची. काल जेवढी लघवी झाली तेवढं, अधिक दोन पेले, एवढंच आजचं पाणी. म्हणजे लघवी बाटलीत मोजायची. लाज सोडा, दोन दिवसांत सुटते. माझ्या वाट्याला सगळं मिळून दिवसाचा एक तांब्या आला. विमल रोज सकाळी तो भरून ओट्यावर ठेवायची. मी अर्धा कप चहा घेतला की तेवढं पाणी तांब्यातून काढून माठात परत. आमटी घेतली तरी तसंच, ताकाचा घोट घेतला तरी तसंच. भातातलं पाणी ती मोजत नाही याबद्दल मी तिचे आभार मानत असे.

अनुभवाच्या दोन-चार गोष्टी. पेला लहान घ्या. मोठ्या पेल्यात अर्धं पाणी पाहून जीव तुटतो, लहान भरून दिला की मन फसतं. गोळ्या जेवता जेवता घासाबरोबर गिळा. लिंबाची फोड चोखून पाहा. चूळ भरली तरी घसा जरा थंडावतो, पण चूळ भरताना कुणीतरी समोर उभं पाहिजे. एकटा माणूस थुंकत नाही.

आणि शहाळ्यांपासून सावध राहा. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जायचं म्हणजे शहाळं न्यायचं, हे ठरलेलं. या आजारात तेच नेमकं विष. पण सांगायची सोय नाही, समोरच्याला राग येतो. कचेरीतले एक साहेब म्हणाले, "अहो, शहाळं आहे ते, दारू नव्हे." आमच्या खाटेखाली तीन-तीन शहाळी लोळत असायची आणि माझी मुलगी ती पिऊन गुटगुटीत झाली.

आई

माझी आई पिंपळगाव बसवंतजवळच्या खेड्यातली. वडील गेल्यावर ती आमच्याकडे इंदिरानगरला आली. शाळा तिने पाहिलेली नाही. आम्ही बौद्ध. तिच्या लहानपणी गावच्या विहिरीला आमच्या लोकांनी हात लावायचा नव्हता. घागर घेऊन लांब उभं राहायचं, पाणी भरायला आलेल्या बायांपैकी कुणाला दया आली तर ती वरून ओतणार. नाही आली तर ऊन डोक्यावर येईपर्यंत उभं राहायचं आणि रिकामी घागर घेऊन घरी यायचं. एकदा अशीच तापात उभी असताना तिने पाणी मागितलं, आणि पाण्याने भरलेल्या घागरी घेऊन बाया तिच्या समोरून निघून गेल्या. हे तिने मला एकदाच सांगितलं, तेही मी खोदून विचारलं म्हणून.

पण तिच्या हाताला ते कायमचं लागलं. दारात कुणीही येवो, पोस्टमन, भंगारवाला, चुकून पत्ता विचारणारा, आई आधी पाण्याचा पेला पुढे करणार. पाणी हवं का, असं ती कधीही विचारत नाही. विचारलं की माणूस लाजून नाही म्हणतं, असं तिचं म्हणणं. तिच्यासमोर विमलने पहिल्या दिवशी तांब्या मांडला तेव्हा ती बराच वेळ त्याच्याकडे बघत बसली. मग एवढंच म्हणाली, आपल्याच घरात मोजून पाणी? विमलने तिला सगळं नीट समजावलं. तिने मान डोलावली, पण त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

विमल आणि मुलगी अकराला शाळेत जायच्या त्या सहाला यायच्या. मी रजेवर. दिवसभर घरात आम्ही दोघंच, आई आणि मी. माठ स्वयंपाकघरात, मोरी तिथेच कोपऱ्यात, आणि आई त्या दोन्हींच्या मध्ये बसलेली.

खोटं

नाशिकला थंड म्हणणाऱ्यांनी आमच्या गच्चीखालच्या खोलीत एप्रिलची एक दुपार काढावी. इंदिरानगरात तेव्हा घरं मोजकी, झाड औषधाला नाही. तांब्या दुपारी एकपर्यंत संपायचा. मग जीभ टाळूला चिकटायची ती सुटायची नाही. शेजारी कुणी बादली भरली की तो आवाज ऐकून मला रडू यायचं, खोटं सांगत नाही. वाचायला घेतलं तर अक्षर लागायचं नाही. रागही यायचा, सगळ्यांचा. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. तेव्हा मला दुसऱ्या कुणाचं काहीच कळत नव्हतं.

अशा एका दुपारी मी आईला म्हटलं, डॉक्टरांनी आता दुपारचे दोन पेले वाढवून दिलेत. विमलला सांगू नकोस, ती उगाच घाबरते.

आई उठली, माठातून पेला भरला, माझ्या हातात दिला. मी तो एका दमात प्यायलो. दुसराही प्यायलो. त्या पाण्यासारखं चांगलं मी आयुष्यात काही खाल्लं-प्यायलं नाही, आणि पिताना मला जराही वाईट वाटलं नाही, हेही सांगून टाकतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवसापासून मला मागावंही लागलं नाही, विमल गेली की आई पेला आणून ठेवायची.

दर रविवारी विमल मला कोपऱ्यावरच्या वाण्याकडे नेऊन धान्याच्या काट्यावर उभं करायची. त्या रविवारी काट्याने तीन किलो जास्त दाखवले. मी म्हटलं, वाण्याच्या काट्यावर कोण विश्वास ठेवतं? तो तर गिऱ्हाइकाला फसवायलाच बसवलेला. वाणी बिचारा हसला. विमल हसली नाही.

दवाखाना

तीन दिवसांनी सकाळी आंघोळ करून आलो आणि श्वास पुरेना. आडवं झालं की बुडाल्यासारखं, बसलं की थोडं बरं. छातीत पाणी भरलं होतं. शेजाऱ्याच्या रिक्षातून मला दवाखान्यात आणलं तेव्हा माझे ओठ निळे झाले होते असं नंतर कळलं. नाकातोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा चढवला, सुया सुरू झाल्या. डॉक्टरांनी विमलला स्पष्ट सांगितलं, या वेळी आणलंत, पुन्हा असं झालं तर आणून उपयोग होणार नाही. मग त्यांनी विचारलं, एवढं पाणी गेलं कुठून?

विमलने आईकडे पाहिलं. आई खाटेच्या पायथ्याशी उभी होती.

"म्या दिलं," आई म्हणाली.

दहा वर्षांत विमलने सासूसमोर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "पोटच्या पोराचा जीव घेताय तुम्ही. माझ्या घरात पुन्हा पाऊल टाकू नका."

आईने माझं नाव घेतलं नाही. यानं मला तसं सांगितलं, एवढे चार शब्द पुरे होते, ते ती बोलली नाही. तिने फक्त एकदा माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावर मुखवटा होता हे खरं, पण हात मोकळे होते. मी हात वर करू शकलो असतो. मी डोळे मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी थोरला भाऊ गावाहून आला आणि आईला घेऊन गेला.

दवाखान्यात सोळा दिवस होतो. पहाटे वजन, मग सुया, मग किती प्यायलं आणि किती गेलं याचा तक्ता. एक सिस्टर होत्या, तोंडाने फटकळ. पण दुपारी येऊन ओला बोळा माझ्या ओठांवरून फिरवायच्या आणि म्हणायच्या, चोखायचा नाही हं. त्यांचं नाव मी विचारलं नाही याचं आजही वाईट वाटतं.

बोललो नाही

घरी आल्यावर सांगेन असं ठरवलं होतं. सांगितलं नाही. विमलने लांब, बिनपगारी रजा काढली होती. ती उठता-बसता माझं करायची आणि शेजारणीला सासूचं सांगायची, आणि मी खाटेवर पडून ते ऐकायचो. आजाराने माणूस सोन्यासारखा उजळून निघतो म्हणतात, त्यावर विश्वास ठेवू नका. मी आजारात आधी खोटारडा झालो, मग भित्रा. भीती एकच, विमलचाही विश्वास उडाला तर माझा तांब्या कोण भरणार?

पावसाळा गेला. दसऱ्याच्या सुमारास एका संध्याकाळी ती तांब्या घासत होती. घासता घासता म्हणाली, तुमच्या आईला एवढी साधी गोष्ट कळू नये? आणि माझ्या तोंडून निघून गेलं. डॉक्टरांचं नाव सांगून मीच मागत होतो, तिला काय माहीत.

विमल तांब्या घासत राहिली. लखलखीत झाला तरी घासत राहिली. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पाणी मात्र वेळेवर भरून ठेवलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मी जे बोलले ते आता कुठे घालू? चला, गावाला जायचंय."

एसटीने गेलो. आई भावाच्या अंगणात कांदे निवडत बसली होती. विमल तिच्या पायाशी बसली आणि नुसती रडू लागली. मग मीच भावासमोर सगळं सांगितलं, एकेक शब्द. आईचे हात कांद्यांवर चालूच होते.

"मला ठाव व्हतं," ती म्हणाली.

मी विचारलं, काय ठाऊक होतं?

"डॉक्टरनं नसंल सांगितलं. खोटं बोलताना तू माझ्याकडं बघत नाय. ल्हानपनापासून."

"मग दिलंस का?"

"तू पानी मागत व्हता."

 मला वाटत होतं की मी एका अडाणी बाईला फसवलं. तिने तर जाणूनबुजून दिलं होतं, आणि जाणूनबुजूनच सगळं स्वतःवर घेतलं होतं. मला हलकं वाटायला हवं होतं, उलट जास्तच जड झालं.

विमलची रजा संपत आली होती. तिने आईला सांगितलं, शाळेतली नोकरी सुटली तर घर चालणार नाही, आणि यांना दिवसभर एकटं ठेवता येणार नाही. यांना आवरणारं माणूस तुमच्याशिवाय कोणी नाही, आणि आता पुन्हा छातीत पाणी भरलं तर ते वाचणार नाहीत. आईने हातातला कांदा खाली ठेवला.

"येते," ती म्हणाली. "पर कुनी पानी मागितलं तर मला नाय म्हनता येत नाय. आजवर आलं नाय."

"यायलाच पाहिजे, आई," विमल म्हणाली.

नाय

थंडी बरी गेली. थंडीत कुणीही पथ्य पाळतो. आई तांब्यातून पेला भरून द्यायची, तांब्या संपला की उपडा घालायची, आणि मी मागत नव्हतो म्हणून तिचीही परीक्षा झाली नव्हती. मग एप्रिल आला.

त्या दिवशी तांब्या बारालाच संपला होता. तीनच्या सुमारास मी उठून स्वयंपाकघराच्या दारात गेलो आणि म्हटलं, आई, अर्धा पेला दे.  ती खाली बघून म्हणाली, "नाय."

इतक्या बारीक आवाजात म्हणाली की मला आधी वाटलं ऐकण्यात चूक झाली. मी विनवण्या केल्या. एक घोट, नुसता एक घोट. मी रडलो, चाळिशीचा बाप्या माणूस दाराची चौकट धरून रडलो. ती नाही म्हणतच राहिली. मग माझं डोकं फिरलं. तापट माणसाला दुसऱ्याची दुखरी जागा बरोबर सापडते. मी म्हटलं, "विहिरीवरच्या त्या बाया आणि तू, काही फरक नाही."

तिचा चेहरा मला अजून दिसतो. ती उठली आणि माठासमोर उभी राहिली.

"म्हन," ती म्हणाली. "काय म्हनायचं ते म्हन."

मी पुढे गेलो. तिला बाजूला करायला तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिचा खांदा म्हणजे काय, नुसतं हाड, सुजलेल्या पायांच्या माणसालाही ढकलता आला असता. ती हलली नाही. पदर तोंडात धरून रडत होती, पण हलली नाही. मला पुढे काही करता आलं नाही. परत येऊन खाटेवर पडलो आणि सहा वाजेपर्यंत भिंतीकडे तोंड करून तिला मनातल्या मनात शिव्या दिल्या. विमल आल्यावर तिने सवयीने विचारलं, आज कसं होतं? आई म्हणाली, बरं व्हतं.

दोन दिवसांनी रविवार. वाण्याच्या काट्यावर वजन मागच्या रविवारएवढंच भरलं. घरी आलो तेव्हा आई भाकरी थापत होती. मी शेजारी जाऊन बसलो आणि म्हटलं, परवा मी जे बोललो ते बोलायला नको होतं. तिने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला.

"त्या बायांना मी मेली असती तरी चाललं असतं," ती म्हणाली. "मला तू मेलेला चालत नाय. जा, पडून ऱ्हा."

मी जाऊन पडलो. त्याला आता तीन उन्हाळे झाले. मी बरा झालेलो नाही, होणारही नाही. मुंबईचं मशीन अजून माझ्या वाट्याला आलेलं नाही, एवढंच. उन्हाळ्यात दुपारी मी अजूनही मागतो, माठाला मात्र स्वतः हात लावत नाही. ती नाय म्हणते, आणि म्हणून झालं की बाहेर जाऊन उन्हातच पायरीवर बसून राहते.